मांजर घमेलं सोडून गादीवर शू करतं तेव्हा

ही तक्रार एकदा येऊन संपत नाही, हेच तिचं खरं दुखणं. मांजर काही आठवडे शहाण्यासारखं त्याच्या शू-शीसाठी ठेवलेल्या घमेल्यात जातं आणि मग एक दिवस गादीच्या कोपऱ्यावर, धुवायच्या कपड्यांच्या ढिगात किंवा पाहुण्यांच्या बॅगेवर ओल सापडते. घरातलं कोणीतरी ओरडतं, चादरी भिजवल्या जातात, शेजारून सल्ला येतो म्हणून कोपऱ्यात लिंबाची सालं ठेवली जातात. पाच-सहा दिवसांत प्रकार थांबतो. श्रेय सालांना मिळतं. महिन्याभरानं पुन्हा तेच.

इंदिरानगरचा फ्लॅट असो की जुन्या नाशकातला वाडा, यावरचं घरगुती निदान मात्र एकच असतं. "डूख धरलाय हो तिनं, काकू. आम्ही दोन दिवस शिर्डीला गेलो होतो ना, त्याचा राग काढतेय." मी हे निदान मानत नाही. राग काढायचा तर आपल्या शूची आपल्याला किळस वाटते हे मांजराला आधी कळायला हवं. त्याच्या लेखी ती घाण नाहीच, ती माहिती आहे: इथे कोण राहतं, कधी येऊन गेलं. पण शिर्डीची गोष्ट अगदीच खोटी नसते. त्या दोन दिवसांत घमेलं कोणी साफ केलेलं नसतं, खाऊ घालायला अनोळखी माणूस येऊन गेलेला असतो, नेहमीच्या वेळा चुकलेल्या असतात. धागा बरोबर पकडलेला असतो, गाठ भलतीकडे मारलेली असते.

मग सालांचा गुण का येतो? दहा वर्षांखालच्या मांजरांत लघवीच्या त्रासाचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण जंतू नसतात आणि खडेही नसतात. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि तपासण्या करूनही तिचं ठोस कारण हाती लागत नाही. पशुवैद्य याला ‘इडिओपॅथिक सिस्टायटिस’ म्हणतात. तिचा ताणाशी जवळचा संबंध आहे, आणि ती बहुतेक वेळा साधारण आठवडाभरात आपली आपणच ओसरते. त्या आठवड्यात तुम्ही लिंबू ठेवा, दृष्ट काढा, कपाटात उरलेली अँटिबायोटिकची गोळी द्या किंवा काहीच करू नका, गुण येणारच. नंतर पुन्हा ताण आला की पुन्हा सूज. गोळी देणाऱ्याला वाटतं गोळी लागू पडली, म्हणून पुढच्या वेळी तो तीच गोळी शोधतो. ही तक्रार वर्षानुवर्षं फिरून फिरून येते ती यामुळे.

म्हणून पहिलं काम औषधाचं नाही, नोंदीचं आहे. ज्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकटीत एक फुली करा आणि शेजारी दोन शब्द लिहा: कुठे, आणि थेंब, डबकं की फवारा. आदल्या दिवशी घरात काही वेगळं झालं असेल तर तेही. पाहुणे, रंगकाम, नवा सोफा, वॉशिंग मशिनचं काम, काहीही. तीन-चार फुल्या झाल्या की कॅलेंडर तुमच्याशी बोलायला लागतं. डॉक्टरलाही "अधूनमधून करतं हो" यापेक्षा तारखा जास्त उपयोगी पडतात.

थेंब

आधी थेंबांचं, कारण यात वेळ घालवून चालत नाही.

मांजर पुन्हा पुन्हा घमेल्यात जाऊन बसतंय, जोर करतंय, ओरडतंय, बाहेर येऊन शेपटीखाली चाटत बसतंय आणि लघवी मात्र थेंबभर होतेय किंवा होतच नाहीये. असं करणारा बोका असेल तर हे वाचणं सोडा आणि दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फार अरुंद असते. बारीक खडे आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं. मूत्राशय फुगत जातं, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि त्याचा घाव थेट हृदयावर पडतो. पूर्ण अडकलेला बोका उपचारांशिवाय दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. उलट्या, खाणं बंद, गळून एका जागी पडून राहणं, ही पुढची पायरी.

घरच्यांना हे बद्धकोष्ठ वाटतं, कारण बसण्याची ढब तशीच दिसते. मग एरंडेल पाजलं जातं, तूप चाटवलं जातं आणि मोलाची रात्र निघून जाते. पोट दाबून पाहू नका, तट्ट फुगलेलं मूत्राशय आत फुटू शकतं. आणि दुखत असेल म्हणून माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. ती पचवण्याची यंत्रणाच मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. एक गोळीही जीव घेऊ शकते.

शांतपणे बसला असाल तेव्हा एक काम करून ठेवा. शहरातला कोणता दवाखाना रात्री फोन उचलतो आणि बोक्याला कॅथेटर (लघवी मोकळी करणारी नळी) घालण्याची सोय कुठे आहे, हे विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. पाळीव प्राण्यांचे दवाखाने आता नाशकात बरेच झालेत, पण त्यातले अनेक प्रामुख्यानं कुत्र्यांचे आहेत. ‘मांजर पाहता का’ एवढंच विचारू नका, नेमकं विचारा.

मांजरीला असं बूच सहसा बसत नाही, तिची नलिका रुंद आणि आखूड असते. तरी रक्ताची छटा दिसली किंवा दिवसभर थेंबथेंब चाललं तर दुसऱ्या दिवशी दाखवाच. लघवीची तपासणी, जमल्यास सोनोग्राफी. डॉक्टरांनी तपासणी न करताच अँटिबायोटिक लिहून दिलं तर ‘लघवी तपासून घेऊया का?’ असं विचारायला लाजू नका. तरुण मांजरात जंतुसंसर्ग तसा कमी सापडतो, म्हाताऱ्यांत जास्त.

फवारा

फवारा ओळखणं सोपं. मांजर उभं असतं, शेपटी सरळ वर, तिचं टोक थरथरतं, आणि मागे भिंतीवर, पडद्यावर, गॅसच्या सिलिंडरवर वीतभर उंचीला ओल उमटते. प्रमाण थोडं, वास भयंकर. हे शौच नाही, ही हद्दीची पाटी आहे. घमेल्यात कितीही बदल केलेत तरी हिला फरक पडणार नाही, आणि इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

बोक्याचं ऑपरेशन झालेलं नसेल तर उत्तर तेच. नसबंदीनंतर साधारण ९० टक्के बोक्यांचं फवारणं बंद होतं किंवा पुष्कळ कमी होतं. दुसऱ्या दिवशी लगेच नाही, रक्तातली संप्रेरकं उतरायला काही आठवडे जातात. ‘बिचाऱ्याला एकदा तरी…’ म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात, त्यांना तो पडदा धुवायला द्यावा.

राहिलेल्या दहा टक्क्यांत आणि काही मांजरींत कारण खिडकीबाहेर सापडतं. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागला की गल्लीतल्या मांजरांचा माज सुरू होतो आणि बोक्यांच्या आरोळ्या रात्रभर चालतात. तळमजल्यावरचं तुमचं मांजर सरकत्या काचेतून परका बोका बघतं आणि त्याच काचेखाली पाटी लावून मोकळं होतं. काचेच्या खालच्या दोन फुटांना धूसर कागद चिकटवा. बाहेरच्या मांजरांना खाऊ घालत असाल तर ती वाटी आपल्या दारापासून लांब, पार्किंगच्या टोकाला न्या. भूतदया तीच राहते, फक्त वीस पावलं पुढे. दारातले बूट-चपला मात्र कपाटात बंद ठेवा. स्कूटरच्या चाकावर त्या बोक्यानं फवारलेलं असतं, ते तुमच्या बुटाला लागून घरात येतं, आणि घरातल्या मांजराला त्यावर उत्तर लिहावंसं वाटतं.

डबकं

आडव्या जागेवर, पोटभर, बसून केलेली शू. निम्म्याहून जास्त पत्रव्यवहार याच खात्यात येतो.

मांजर दहाच्या पुढचं असेल आणि डबकी मोठी असतील, पाण्याची वाटी लवकर रिकामी होत असेल, तर रक्त आणि लघवी तपासा. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड, या तिन्हीत लघवी वाढते आणि मांजराला घमेल्यापर्यंत पोचायला वेळ पुरत नाही. शिवाय म्हाताऱ्या मांजरांचे सांधे दुखतात. ती लंगडत नाहीत, उड्या मारणं कमी करतात, आणि आपण म्हणतो ‘वय झालं’. फूटभर उंच काठाच्या टबात चढणं त्यांना नको वाटतं. काठ एका बाजूनं कापून खाली करा, प्रश्न बरेचदा तिथेच मिटतो.

तरुण आणि तब्येतीनं ठीक असलेल्या मांजराचं डबकं म्हणजे घमेल्याविरुद्धची तक्रार. ती एकेक करून तपासायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं गुण आला ते कधीच कळणार नाही.

आकारापासून सुरुवात करा. दुकानात ‘कॅट लिटर ट्रे’ म्हणून मिळणारे बहुतेक ट्रे पिल्लांच्या मापाचे असतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांबीचं भांडं घ्या. मोठ्या बोक्याला हे माप दोन फुटांच्याही वर जातं. गवंडीकामाचं मोठं प्लास्टिकचं घमेलं किंवा बिछान्याखाली सरकवायचा कपड्यांचा डबा यांत ते स्वस्तात बसतं. मी घमेल्याच्या बाजूची आहे: गोल असल्यानं कोपरे साचत नाहीत, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं, आणि फुटलं तर वाईट वाटत नाही. झाकणवाले, दार असलेले सुंदर डबे आपल्याला वास येऊ नये म्हणून बनवलेले असतात. तो सगळा वास आत मांजरासाठी राखून ठेवला जातो.

मग संख्या. नियम असा की जितकी मांजरं, त्यापेक्षा एक घमेलं जास्त. दोन मांजरांना तीन. हे ऐकून नाशिक रोडच्या वन बीएचकेत राहणारी माणसं हसतात. हसावं, पण दोन मांजरांत एक घमेलं असेल तर दबकून राहणाऱ्या मांजराची कोंडी होते. भांडण दिसतही नाही. दांडगं मांजर फक्त पॅसेजमध्ये आडवं पसरतं आणि दुसरं मुकाट्यानं मागे फिरून गादीवर जातं. तीन घमेली ओळीनं मांडली तर मांजराच्या हिशोबी ते एकच मोठं घमेलं झालं. वेगवेगळ्या खोल्यांत हवीत, आणि त्यातल्या एकाला तरी दोन्ही बाजूंनी वाट हवी.

जागेचा घोळ सगळ्यात मोठा असतो. नव्या इमारतींमध्ये घमेलं हमखास ड्राय बाल्कनीत ठेवलं जातं, वॉशिंग मशिनच्या शेजारी. मांजर आत बसलेलं असताना मशिन पिळायला लागलं की जमीन हादरते. एकदाच घडलं तरी पुरतं. ‘तिथे गेलं की धरणीकंप होतो’ हे मांजराच्या डोक्यात बसतं, आणि शू तर कुठेतरी करायलाच हवी. बाथरूममध्ये ठेवावं तर फरशी सतत ओली, आणि कोणीतरी आत जाऊन कडी लावतं. स्वयंपाकघरात त्याच्याच खाण्याच्या वाटीजवळ ठेवलं तर ते जाणार नाही, आपणही गेलो नसतो. हॉलचा शांत कोपरा किंवा बेडरूममधली कपाटामागची जागा मांजराला आवडते. घरच्यांना आवडत नाही. या मुद्द्यावर कोणीतरी माघार घ्यावी लागते आणि ते मांजर नसतं.

आता आत काय घालायचं. अंगणात, मातीत वाढलेलं पिल्लू फ्लॅटमध्ये आणलं आणि त्याच्यापुढे गुलाबाच्या वासाचे मोठे खडे ठेवले तर त्याला ती जागा शूची आहे हे ओळखूच येत नाही. बहुसंख्य मांजरांना बारीक दाण्याचं, पायाला मऊ लागणारं, बिनवासाचं लिटर (घमेल्यात पसरायचे दाणे) आवडतं. गोळा होणाऱ्या बेंटोनाइट मातीचा एक फायदा असा की गोळे मोजता येतात. निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. एकदम आठ-दहा चिमुकले गोळे दिसले तर वरच्या थेंबांच्या भागाकडे परत जा. बांधकामाची वाळू चालते, पण चाळून, आणि पावसाळ्यात ती सर्द होऊन आपसूक वास धरते. लाकडाचा भुसा हलका असल्यानं घरभर पसरतो, तरी काही मांजरं त्याच्यावर खूष असतात. थर दीड-दोन इंच पुरे. लिटर बदलायचं असेल तर जुन्यात मूठमूठ नवं मिसळत जा. ‘ऑफर होती म्हणून दुसरं आणलं’ आणि ‘त्याच आठवड्यात गादीवर केलं’ ही दोन वाक्यं इतक्यांदा शेजारी शेजारी ऐकू येतात की आता मी आधी लिटरची पिशवीच बघायला मागते.

आवडीचा सुगावा मांजर स्वतःच देतं. ते नेमकं कशावर जातं ते बघा. नेहमी मऊ कापडावर जात असेल तर घमेल्यातले दाणे टोचत असतील. गुळगुळीत फरशीवर, सिंकमध्ये जात असेल तर एका घमेल्यात अगदी पातळ थर ठेवून पाहा. द्राक्षांच्या मोसमात घरी पेटी येते, आतली कागदाची कात्रणं कोपऱ्यात पडून राहतात आणि मांजर त्यावर जाऊन बसतं. मग तीच कात्रणं दुसऱ्या घमेल्यात भरा की. (द्राक्षं मात्र त्याच्या तोंडी लागू देऊ नका. कुत्र्यांना ती विषारी ठरतात आणि मांजरांच्या बाबतीतही धोका पत्करण्यात अर्थ नाही.)

गोळे रोज काढायचे, शक्यतो दोनदा. पूर्ण घमेलं रिकामं करून साध्या साबणानं धुवायचं. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं जंतुनाशक इथे वापरू नका, त्यातला फिनॉलच्या जातीचा घटक मांजराला विषारी आहे. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्यानं करावं, नाहीतर हातमोजे घालून. विष्ठेतून येणारे टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे अंश बाहेर पडल्यानंतर निदान एक दिवस गेल्याशिवाय संसर्ग करण्याजोगे होत नाहीत, त्यामुळे रोज सफाई होत असेल तर धोका बराच उतरतो. गोड बातमी कळताच मांजर पोत्यात घालून मखमलाबादच्या मळ्यांकडे सोडून यायची काही गरज नसते.

वास गेला नाही तर काहीच गेलं नाही

घमेलं सुधारलं तरी जुनी जागा बोलावत राहते. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ताज्या लघवीला त्याचा विशेष वास नसतो. ते हळूहळू फुटत जातं तसा दर्प वाढतो. म्हणून धुतल्यावर ‘गेला वास’ असं वाटतं आणि चौथ्या दिवशी दमट हवेत तो परत दाटतो. ऑपरेशन न झालेल्या बोक्यात हे प्रमाण सगळ्यात जास्त.

जागा सापडत नसेल तर नोटा तपासायचा अतिनील टॉर्च घ्या आणि रात्री दिवे मालवून फिरवा. वाळलेले डाग फिकट पिवळसर-हिरवे चमकतात. सोफ्याच्या पाठीमागे असे नकाशे निघतात की घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

ओल ताजी असेल तर आधी जुन्या सुती कपड्यानं दाबून टिपा, घासू नका. मग गार पाणी. मग एंझाइमवालं द्रावण: पाळीव प्राण्यांसाठी मिळतं ते, नाहीतर एंझाइम असलेली धुण्याची पावडर पाण्यात कालवून, नंतर दोनदा साध्या पाण्यानं पुसून. एंझाइमला वेळ लागतो. शिंपडलं आणि लगेच पुसलं तर काही उपयोग नाही, जागा ओली राहू द्या आणि मग आपोआप वाळू द्या. एंझाइमआधी फिनाईल वापरलेलं असेल तर तेही नीट धुऊन काढा.

फिनाईलबद्दल स्पष्टच सांगते. काळं फिनाईल मांजराच्या घरात नकोच, आणि पाइनच्या तेलाचं पांढरंही नको. मांजर त्या फरशीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. ब्लीच तर याहून वेडेपणाचं: लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग होऊन घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. डांबरगोळ्याही विषारी. मिरची पूड टाकणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. नाक घासणं, चापट मारणं यानं मांजर शिकतं ते एवढंच, की माणूस समोर असताना शू करायची नाही. पुढचं डबकं मग कपाटाच्या मागे होतं.

फरशी कोणती आहे तेही पाहा. जुन्या घरांतली शहाबादी, सिडकोच्या घरांतली मोझॅक, नंतर आलेली कोटा आणि संगमरवर, या सगळ्यांना व्हिनेगर आणि लिंबू लागलं की चुनखडी खाल्ली जाते आणि कायमचे पांढरट डाग पडतात. शहाबादी फरशी सच्छिद्र असते, सांध्यांतून लघवी खाली मुरते. एंझाइम दोन-तीनदा लावूनही दर्प राहिला तर सांधे खरवडून नवे भरून घ्या. कापसाची गादी असेल तर खोळ धुवून गादीवाल्याकडून ती उसवून घ्या, भिजलेला कापूस काढून टाका आणि उरलेला पिंजून घ्या. वरून वाळवली आणि पलटी घातली एवढ्यानं भागत नाही. फोमची गादी पार मुरली असेल तर तिचा निरोप घ्यावा. तोवर जलरोधक खोळ घाला, आणि बेडरूमचं दार दिवसा बंद.

नाशिकचं पंचांग

कॅलेंडरवरच्या फुल्या इथे ऋतूंप्रमाणे येतात. त्या ओळखल्या तर पुढची फुली आधीच टाळता येते.

जून ते सप्टेंबर: अंगणात किंवा कुंड्यांत जाणारं मांजर चिखलाला कंटाळून आत येतं. गोदावरीच्या पुराचं माप असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की पंचवटीकडच्या घरांत माणसांचीही धावपळ, सामानाची हलवाहलव, आणि मांजराची वाट बंद. पाऊस सुरू व्हायच्या आधीच घरात एक घमेलं मांडून ठेवा.

त्याच पावसात ढोलपथकांचा सराव सुरू होतो. नाशिक ढोलाचं कौतुक मलाही आहे. पण मैदानाकडे तोंड असलेल्या बाल्कनीत घमेलं ठेवलंत तर संध्याकाळभर मांजर पलंगाखाली दबून बसणार, आणि पलंगाखालून सगळ्यात जवळची मऊ जागा म्हणजे गादी. कॅलेंडरवर ओळीनं संध्याकाळच्या फुल्या दिसल्या तर औषध शोधत बसू नका. रस्त्यापासून लांबच्या खोलीत एक घमेलं ठेवा आणि शेजारी द्राक्षांचं रिकामं खोकं आडवं करून लपायला द्या. दिवाळीच्या फटाक्यांनाही हेच. रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाच्या आसपास, तिवंधा किंवा शनी चौकाकडे घर असेल तर त्या दिवशी मांजर सकाळीच आतल्या खोलीत नेऊन दार लावा, सोबत घमेलं आणि पाणी.

डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. मांजर पाणी कमी पितं, लघवी दाट होते, आणि गार बाल्कनीत जायला नको म्हणून ते लघवी तुंबवतं. मूत्राशयाची दुखणी उकरायला एवढं पुरतं. मांजर मुळात वाळवंटी पूर्वजांचं, तहान त्याला उशिरा कळते. चार किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्यात पंचाहत्तरच्या वर. हिवाळ्यात निदान एक जेवण ओलं द्या: शिजवलेल्या चिकनचं पाणी, पण त्यात कांदा-लसूण नको. कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो लासलगावचा अस्सल का असेना. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी, खाण्यापासून लांब, पसरट तोंडाच्या. दुधाची वाटी ही पाण्याची सोय नव्हे, बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात.

उन्हाळ्यात तक्रारी कमी येतात. लग्नसराईचे पाहुणे मात्र येतात, आणि त्यांच्या बॅगा जमिनीवर असतात. बॅगा कपाटावर ठेवा.

हे सगळं करूनही फुल्या थांबत नसतील तर घमेल्याची जागाच चुकलीय असं समजा. मांजरानं निवडलेल्या कोपऱ्यात, अगदी दिवाणाच्या शेजारी का असेना, एक घमेलं ठेवा. ते वापरायला लागलं की निदान गादी वाचते. तिथे दोन-तीन आठवडे एकही फुली पडली नाही की मग ते तुमच्या सोयीच्या जागेकडे सरकवायला घ्या, रोज वीतभर, त्याहून जास्त नाही. मध्येच फुली पडली तर कालच्या जागी परत न्या आणि चार दिवस हात लावू नका.